बुबुळाच्या काठावर

आजोबांनी मान मागे टाकली, उजवा डोळा टक्क उघडा ठेवला आणि ते थेंबाची वाट पाहू लागले.

जेवणाच्या खोलीतले पडदे काकाने ओढले होते. काकाने ओढलेल्या पडद्यांत मधे फट राहतेच, तशी ती आजही राहिली होती. दुपारचा उजेड तिथून पट्टीसारखा आत आला होता आणि आजोबांच्या गालाच्या हाडावर येऊन टेकला होता. जेवणं उरकली होती. खाली दवाखाना रविवारचा बंद होता, आणि रोज जिन्यावरून वर येणारा औषधांचा वास आज येत नव्हता.

या घरात डोळ्यांचा नवा डॉक्टर तयार व्हायचा असला की त्याचा पहिला रुग्ण आजोबा. बाबांच्या वेळी तेच झालं, काकाच्या वेळीही. खुर्ची खोलीच्या मधोमध, घरचे सगळे भोवती. डोळ्यात बाहुली मोठी करणारा थेंब टाकायचा, तो भिनेपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, मग छोटा दिवा हातात घेऊन बाहुलीतून थेट आतल्या पडद्यापर्यंत बघायचं. "काय दिसलं?" आजोबा विचारणार. उत्तर नीट आलं की खुर्चीतून उठून म्हणणार, "या, डॉक्टर."

आज बाबांच्या मुलीची, बारकीची पाळी होती. डॉक्टरकीची पदवी तिच्याकडे होतीच. उद्या सकाळी मोठ्या रुग्णालयात नेत्रविभागात हजर झालं की पुढचं शिक्षण सुरू. उद्या गेली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार.

तिने थेंबाची बाटली उलटी धरली, आजोबांच्या खालच्या पापणीला बोट लावलं, आणि तिथेच थांबली.

एवढ्या जवळून हा डोळा तिने कधी पाहिला नव्हता. बुबुळाच्या बाहेरच्या कडेला वयाचं धुरकट वलय होतं, पहाटे तळ्याच्या काठावर धुकं बसतं तसं. त्याच्या आत तपकिरी. पण त्याला तपकिरी म्हणणं म्हणजे अख्ख्या जंगलाला हिरवं म्हणून मोकळं होणं. कडेला तो ओल्या सालीसारखा होता, मधे विटत गेलेला, आणि बाहुलीच्या अगदी भोवती वाळलेल्या गवतासारखे पिवळे धागे, सगळे आत तोंड करून बसलेले. घड्याळात चार वाजतात त्या जागी गंजाचा एक ठिपका. हा ठिपका आजोबांच्या जन्मापासून तिथे होता आणि त्यांना स्वतःला तो बहुधा माहीत नव्हता.

थेंब पडला की बाहुली पसरेल. गवत, साल, ठिपका, सगळं कडेला ढकललं जाईल. दोऱ्याएवढी कड उरेल आणि मधे फक्त काळं दार.

"बारके, थेंब," बाबा म्हणाले.

"हो."

"हो काय? टाक की."

"पापणी धरून धरून तिचा हात अवघडला असेल," काका म्हणाला. "माझा इतका थरथरत होता की अर्धी बाटली आजोबांच्या कानात गेली होती. दोन दिवस यांना ऐकूच येत नव्हतं, काय सुखाचे दिवस होते!"

आई हसली. भिंतीला टेकून बसलेली आत्याही हसली. आजोबा मात्र हलले नाहीत. त्यांचा डोळा तसाच उघडा होता, आणि बारकी त्यात बघत होती.

"काय दिसतंय?" त्यांनीच विचारलं, हळू. थेंब पडलेला नाही हे त्यांना कळलं होतं.

बारकीने सांगायला सुरुवात केली. धुक्याचं वलय, ओली साल, विटलेला मधला भाग, गवताचे धागे. चारच्या जागचा ठिपका. आपण मोठ्याने बोलतोय हे तिला अर्धवटच कळत होतं. स्वप्नात कुणी वाट विचारावी आणि आपल्याला ती नेमकी माहीत असावी, तसं ती सांगत गेली.



"हे सगळं दाराबाहेरचं झालं," काका म्हणाला. "आत कधी जाणार?"

बारकीने बाटलीला टोपण लावलं. "मी आत जाणार नाही, काका. मला बाहेरच राहायचंय."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे उद्या मी हजर होणार नाही."

हे वाक्य तिने मनात इतक्यांदा म्हटलं होतं की प्रत्यक्षात ते फार लहान वाटलं. तिने मग उरलेलंही सांगून टाकलं. रुग्णालयात उमेदवारीचं वर्ष चालू असताना तिला एकदा एका रुग्णाबरोबर पाठवलं होतं. ट्रक चालवणारा माणूस, अपघातात डोळा गेलेला. कृत्रिम डोळे बनवणाऱ्या बाईंची कार्यशाळा, उत्तरेकडे मोठी खिडकी. बाईंनी त्याला खिडकीत बसवलं आणि त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत नखाएवढ्या चकतीवर रंग चढवायला घेतला. एक थर, वाळवायचा, पुन्हा एक थर. मधेच चकतीवर पाण्याचा थेंब ठेवला, आणि सपाट रंगाला एकदम खोली आली. चकती बघायला लागली. बारकी त्या दिवशी जेवायची विसरली. दुसऱ्या आठवड्यात ती आपली आपण गेली. सगळ्यांना वाटत होतं ती दुपारी वाचनालयात अभ्यासाला बसते. ती त्या खिडकीत बसत होती.

"अभ्यास मी रात्री केला," ती म्हणाली. "परीक्षा खोटी नाही दिली."

"तिथे तू नक्की काय करतेस?" बाबांचा आवाज चढला नव्हता. रुग्णाला वाईट बातमी सांगताना लावतात तो, सपाट, आवाज त्यांनी लावला होता.

"आत्ता पांढऱ्या भागावर शिरा बसवते. लाल रेशमाचा धागा उकलून, त्याची एकेक तार काढून."

"अगं बाई!" आई म्हणाली. "तरीच."

सगळे आईकडे वळले. आई भूल देणारी डॉक्टर. लोकांना झोपवणं हा तिचा व्यवसाय, पण घरात तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही असं काका म्हणायचा.

"माझ्या भरतकामाच्या डब्यातलं लाल रेशीम संपत होतं," ती म्हणाली. "फक्त लाल. मी म्हटलं उंदीर असेल तर भलताच निवडक दिसतोय."

"तुला माहीत होतं?" बाबा.

"रेशीम कमी होतंय एवढं माहीत होतं. पुढचं मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

"कारण ती घरी यायची ती हसतमुख यायची. वाचनालयातून कुणी तसं येतं का?"

बाबांनी खुर्ची मागे सरकवली. आपण एकटे पडतोय हे त्यांना जाणवलं असावं, कारण ते काकाकडे बघून बोलू लागले. "तूच सांग हिला. या गावातले निम्मे लोक आपल्या हाताखालून गेलेत. ज्यांना आपण निरोप पाठवून बोलावून घेतो, जे मागच्या दाराने येतात आणि डबा उघडून खोट्या डोळ्यांचे नमुने दाखवतात, त्यांच्यात जाऊन ही बसणार. उद्या तो डबा घेऊन माझ्याच दवाखान्याच्या बाकावर बसेल."

"मी पुढच्या दाराने येईन, बाबा."

"विनोद नको."

"मी विनोद नाही करत."

काकाने डोकं खाजवलं. तो नेहमी दोन्हीकडे थोडा थोडा असायचा. भांडणात त्याचा उपयोग उशीसारखा व्हायचा. "बारके, रंगवायचंच होतं तर शाळेतूनच चित्रकलेला जायचंस. एवढी हाडं कशाला पाठ केलीस?"

"तेव्हा माहीत नव्हतं ना, काका."

"हां. ते आहे म्हणा." मग तो भावाकडे वळला. "दादा, उद्याचा निकाल आजच लावू नकोस. नेत्रविभागाच्या सरांना फोन कर. तुझ्या ओळखीचेच आहेत. दोन-तीन दिवस जागा धरून ठेवतील. तोवर हिचा ताप उतरेल, नाहीतर आपला."

आजोबा अजून मान मागे टाकूनच बसले होते. आता ते सरळ झाले. "आम्ही डोळे वाचवतो," ते म्हणाले. "तुझं काम जिथे डोळा गेला तिथून सुरू होतं. म्हणजे आमची हार झाली की मग तू. तुला रोज हार बघायला आवडेल?"

बारकीला याचं उत्तर शांतपणे देता आलं असतं. पण सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिच्या डोक्यात कधीपासून एक गोष्ट सलत होती, ती तोंडातून निसटली.

"आणि हार झाल्यावर कुणी बघायचं, आजोबा? आत्याचा डोळा शेवटचा कधी बदललाय? सांगा ना कुणीतरी!"

बाबांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी काकाकडे. काकाने बाबांकडे. नजर खोलीभर फिरली आणि कुठेच टेकली नाही.

आत्या बाबांची थोरली बहीण. लहानपणीच्या आजारात तिचा डावा डोळा काढावा लागला होता. काढला म्हणून ती जगली. खाली दवाखान्याच्या बाजूला चष्म्यांचं दुकान आहे ते तिचं. घरात, दुकानात, लग्नाकार्यात ती डावीकडे भिंत येईल अशी बसायची, आणि घरचे न ठरवता तिच्या उजवीकडे. तिच्या डाव्या बाजूला खुर्ची ठेवायची नसते हे या घरातल्या मुलांना चालायला लागण्याआधी कळायचं.

बाईंकडे शिकायला लागल्यापासून बारकीने आत्याचा डोळा चोरून पाहिला होता. तो बारकी बालवाडीत होती तेव्हाचा. आत्याच्या उजव्या डोळ्याचा पांढरा भाग आता हस्तिदंतासारखा झाला होता, बुबुळाला राखाडी कड आली होती. डावा मात्र चाळिशीतच राहिला होता. एका चेहऱ्यात दोन वयं शेजारी शेजारी राहत होती, आणि धाकट्यावरची चकाकी गेली होती.

आत्या उठली. साडीचा पदर खांद्यावर नीट केला.

"मला मधे आणू नकोस, बारके," ती म्हणाली. "तुला जे करायचंय ते तुझ्या नावावर कर."

आणि ती जिना उतरून गेली.

"ताई!" बाबांनी हाक मारली, पण ते जागेवरून उठले नाहीत. मग बारकीकडे न बघता म्हणाले, "मी सरांना फोन लावतोय. वेळ मागून घेतो," आणि बोळातल्या फोनकडे गेले.

बारकीला वाटलं आई काहीतरी बोलेल. आईने फक्त मानेने जिन्याकडे खूण केली. जा.

दुकानाचं शटर आत्याने कमरेएवढं वर केलं होतं. खालून रस्त्यावरचा उजेड जमिनीवरून सरपटत आत आला होता आणि भिंतीवरच्या चष्म्यांच्या रांगांवर उलटा चढला होता. शेकडो रिकाम्या काचा किंचित चमकत होत्या. आत्या स्टुलावर बसून एका चष्म्याची दांडी कसत होती. ती दांडी आधीच घट्ट होती.

"चुकले मी," बारकी म्हणाली.

"हो, चुकलीस."

"तुला वापरायचं नव्हतं मला."

"पण वापरलंस." आत्याने दांडी पुन्हा ढिली केली. "मी तुझं कारण नाही. उद्या कुणी विचारलं, एवढं सोडून हे का करते पोरगी, तर लोक म्हणणार, आत्याचं बघून बिचारीला वाईट वाटलं. आयुष्यभर मी बिचारीची बिचारी आत्या. मला नको ते."

"तुझं बघून नाही केलं."

"नक्की?"

बारकी जमिनीवरच बसली. "खरं सांगू? मी तुझ्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. घरातल्या सगळ्यांसारखीच. बाईंकडे जायला लागल्यावर पाहिलं, तेही रंगासाठी. आता मी सगळ्यांकडे अशीच बघते. वाणी सुट्टे देतो आणि मी त्याच्या बुबुळात काय काय मिसळावं लागेल ते मोजत उभी राहते. परवा त्याने विचारलं, ताई, माझ्या डोळ्यात काही गेलंय का?"

आत्या फिस्सकन हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडल्यासारखी झाली. "मग लोकांचं भलं वगैरे?"

"तेही होतं. तो ट्रकवाला आरशात बघून इतका वेळ गप्प बसला की आम्हीच घाबरलो. पण मी त्यासाठी जाते असं म्हटलं तर खोटं होईल. तिथे बसले की मी कुणाची नात, कुणाची मुलगी, दवाखान्याच्या पाटीवरचं चौथं नाव, काही म्हणजे काही आठवत नाही. मी नुसती बघत असते. आणि ते बघणं हातात उतरतं. वर पडद्याच्या फटीतून उजेड येत होता ना, तेव्हा वाटलं, हा थेंब टाकला तर मी पुन्हा अशी बघणार नाही कधी. टाकवलाच नाही."

रस्त्यावरून एक सायकल गेली. तिची सावली चष्म्यांमधून लहान लहान होऊन पळाली.

"ज्याने माझा मागचा केला, तो म्हातारा वारला," आत्या म्हणाली. "नवीन माणूस शोधायचा तर घरात विषय काढावा लागला असता. मी म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांचं घर आहे, कुणीतरी विचारेलच. प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय. मग विचारायची वेळ निघून गेल्यासारखी झाली. आता कोण कुणाला विचारणार?" तिने चष्मा खाली ठेवला. "खुपतो तो हल्ली. संध्याकाळी."

"बाई पॉलिश करून देतील. आणि नवीनही—"

"बाईंकडे मी जाईन, माझी मी. पॉलिशला." आत्या तिला थांबवत म्हणाली. "नवीन तू करायचास. पण तुझ्या कच्च्या हाताचा मी लावणार नाही, सांगून ठेवते. आधी शीक. शिरा बसवता आल्या म्हणजे डोळा आला असं नाही."

"वेळ लागेल, आत्या. काही वर्षं."

"लागू दे. मी कुठे चाललेय?"

बारकीला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.  आज दिवसभरात कुणीतरी पहिल्यांदा तिच्याकडून काहीतरी मागितलं होतं, जे तिला द्यायचं होतं.

"मग बघू दे," ती म्हणाली. "आत्ता. इथे उजेड चांगला आहे."

आत्याने आधी सवयीने डावीकडची भिंत शोधली. इथे डावीकडे शटर होतं, आणि शटरखाली रस्ता. ती क्षणभर घुटमळली. मग तिने स्टूल पूर्ण फिरवलं आणि तोंड उजेडाकडे केलं.

"कुठे बघू?"

"माझ्या खांद्यावरून पलीकडे. काही ठरवून बघू नकोस."

बारकी गुडघ्यांवर उभी राहिली. आत्याचा उजवा डोळा आजोबांच्या डोळ्यासारखा असेल असं तिला वाटलं होतं, तसा तो नव्हता. तपकिरीच्या खाली कुठेतरी शेवाळाचा रंग होता, पाणी हललं की दिसतो आणि थांबलं की नाहीसा होतो तसा. त्याला खाली आधी काय द्यावं लागेल? पिवळा? की पिवळ्याच्याही खाली थोडा काळा? ती मनात एक थर चढवून बघत होती, पुसत होती, दुसरा चढवत होती. रस्ता, चष्मे, शटरचं लोखंड, सगळं लांब गेलं. आत्या श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर बाहुली किंचित हलत होती, झोपलेल्या प्राण्याच्या कुशीसारखी.

"बारके!"

बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर होते. फोनची लांब वायर त्यांच्यामागे ताणली गेली होती.

"सर लाइनवर आहेत. बुधवारपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणतात. त्याच्यापुढे नाही. ये, तूच बोल."

आत्याचा डोळा जिन्याकडे सरकू लागला.

"हलू नकोस," बारकी म्हणाली. मग आवाज चढवून, "बाबा, जागा आजच पुढच्याला देऊन टाका म्हणावं. तो बिचारा वाट बघत असेल."

"वर येऊन सांग हे."

"आत्ता उठता येणार नाही, बाबा. रंग निसटेल."

बाबा दोन पायऱ्या उतरले. तिथून त्यांना दुकान दिसत असणार: रस्त्याच्या उजेडात पूर्ण चेहरा करून बसलेली त्यांची बहीण, आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलेली मुलगी. बारकीने वळून पाहिलं नाही. तिला फक्त ते उभे असल्याचं जाणवत होतं.  आत्या बारकीच्या खांद्यावरून पलीकडे, काही न ठरवता, बघत राहिली.

थोड्या वेळाने पायऱ्या वाजल्या, वरच्या दिशेने. मग बोळातून बाबांचा आवाज आला. आवाज सपाट लावायचा त्यांनी प्रयत्न केला होता, पण तो मधे एका जागी खरखरला.

"हॅलो... हो, सर. नाही, बुधवारीही नाही. द्या तुम्ही पुढच्याला... नाही, नाही, तब्येत छान आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "फोनवर नाही येता येणार तिला. कामात आहे."